अण्णांनी मला उठवलं नाही

जानेवारीतली गोष्ट आहे आणि अजून डोक्यातनं जात नाहीये. कांद्याला पाणी द्यायचं होतं, त्या आठवड्यात आमच्याकडं लाईट रात्रीची होती, म्हणजे मोटारीची थ्री फेज वीज रात्री दहाला येणार आणि सकाळी सहाला जाणार, आणि मी चार दिवस सुट्टी काढून गावी आलेलो. अण्णा म्हणाले मी जातो एकटा, तू झोप. मी म्हटलं मला कुठं रात्रीची झोप येते, सहा वर्षं रात्रीच जागतोय की, येतो मी पण. आणि खरंच तसं वाटत होतं मला, की बाकी शेतातलं काही येत नसेल पण जागायचं काम आपल्याला नक्की जमतं. आईकडनं दूध तापवून घेतलं, थर्मास भरून कॉफी केली, नेहमीपेक्षा दोन चमचे जास्तच टाकली, आणि बॅटरी घेऊन अण्णांच्या मागं निघालो. साडेतीनच्या आसपास मी पाटाकडंला बांधावर झोपलेलो. जाग आली तेव्हा अंगावर अण्णांचं घोंगडं होतं, पूर्वेला फटफटलेलं, मोटार बंद, आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलेलं. माझ्या पायापासून दोन हातांवर पाट फुटला होता रात्रीतनं कधीतरी, तिथं ओल्या मातीचा नवा लपका आणि बाजूला अण्णांच्या गमबुटांचे ठसे. म्हणजे ते तिथं येऊन, फावड्यानं माती ओढून, दाबून, फुटलेला पाट बांधून गेले होते आणि मला कळलंही नाही.

उठवलं असतं तर बरं झालं असतं.

मी हिंजवडीला काम करतो, क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळं शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. आमच्या फ्लोअरवर पँट्रीत कॉफीचं मशीन आहे, बटण दाबलं की आधी घर्रर्र आवाज होतो, मग फेस येतो, मग काळपट धार, आणि दूध पावडर करपल्यासारखा एक वास येतो तो आता माझ्या स्वेटरला पण येतो असं बायको म्हणते. पहिला कप सातला, मग साडेनऊला, मग अकरा, साडेबारा, आणि दोन वाजताचा शेवटचा, तो प्यायचा म्हणून नाही तर उठून चालायला निमित्त म्हणून. सुरुवातीची दोन वर्षं काहीच झालं नाही. मग छातीच्या मधोमध, हाडाच्या मागं, गरम पळी टेकवल्यासारखं व्हायला लागलं. घरी येऊन चार-साडेचारला आडवं पडलं की घशाशी आंबट कडू पाणी. मी उशी उंच केली, मग दोन उशा घेतल्या, मग बसूनच झोपायला लागलो. आणि दुसरं म्हणजे पहिला कप पोटात जातोय न जातोय तोवर टॉयलेटकडं पळायची वेळ. हे मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, मला वाटायचं आपल्यालाच काहीतरी विचित्र झालंय. नंतर वाचलं की 1990 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी हेच मोजून बघितलं होतं, कॉफी प्यायल्यावर काही जणांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल चार मिनिटांत वाढते, चार मिनिटांत, म्हणजे कॉफी अजून तिथं पोचलेली पण नसते. वरनं आतड्याला काहीतरी निरोप गेलेला असतो फक्त. आणि नुसतं गरम पाणी पाजलं तर तसं होत नाही. ते वाचून मला इतकं हलकं वाटलं होतं, कारण ते काही जण माझ्यासारखेच होते.

कॉफीनं पोटात नेमकं काय होतं ते मी वेड्यासारखं वाचून काढलं मधल्या काळात. कॉफी पोटात गेली की गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढतं, ते पोटाला सांगतं आम्ल सोड, आणि पोट सोडतं. पोटात भाकरी असेल तर त्या आम्लाला काम असतं. माझ्या पोटात साडेबाराला काय असायचं, तर साताला खाल्लेलं एखादं सँडविच, तेही जिरून गेलेलं. वरनं अन्ननलिका आणि पोट यांच्यामध्ये जी झडप असते ती कॉफीनं काही लोकांत सैल पडते, म्हणून ते कडू पाणी वर येतं, आणि आडवं पडलं की जास्त येतं. मला वाटलं हा सगळा कॅफिनचा दोष, म्हणून मी डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी आणली, महागाची, ऑनलाईन मागवून. तीन आठवडे प्यायली. झोप तर येतच होती आणि पोटही जळतच होतं. कारण आम्ल वाढवायचं काम कॉफीतले बाकीचे घटकही करतात, कॅफिन काढून टाकलं तरी ते राहतातच. तो डबा अजून आहे माझ्या ड्रॉवरमध्ये.

मग एकदा अण्णा पुण्याला आलेले असताना माझी एंडोस्कोपी झाली. घशात तो कडू स्प्रे मारतात, जीभ लाकडासारखी होते, आणि एका कुशीवर झोपवून नळी घालतात. त्याच्या आधी डॉक्टरांनी विचारलं कॉफी किती होते दिवसाला. मी म्हटलं दोन, फार तर तीन. अण्णा शेजारच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी आदल्याच रात्री माझ्या टेबलावरचे कागदी कप गोळा करून कचऱ्यात टाकले होते, घरून काम होतं त्या दिवशी, पाच कप. ते काही बोलले नाहीत. माझ्याकडं बघितलं पण नाही, भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडं बघत राहिले. रिपोर्टमध्ये अल्सर नव्हता, पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आणि लाली होती. एक छोटा तुकडा काढून जंतूसाठी तपासला, तोही निघाला नाही. तो जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोक अल्सरला टेन्शन आणि तिखट यांना दोष देत होते तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली, आणि रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना 2005 साली नोबेल मिळालं. मला ही गोष्ट फार आवडते, स्वतःच्या पोटाला साक्षीला उभं करणारा माणूस. मग माझ्या पोटात सूज कशानं, तर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, डोकं दुखतं का, गोळ्या घेता का. आणि तिथं खरं उत्तर निघालं.

शनिवार-रविवार माझं डोकं दुखायचं. दर आठवड्याला. मला वाटायचं उन्हानं, किंवा झोपेच्या वेळा बदलल्यानं. ते कॉफीनं दुखत होतं, म्हणजे कॉफी नसल्यानं. रोज पाच कपांची सवय असलेल्या मेंदूला ती मिळाली नाही की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. शुक्रवारचा शेवटचा कप दोन वाजता, शनिवारी दुपारी कपाळ फुटायला लागायचं, अगदी घड्याळ लावल्यासारखं. मग मी दुखण्याची गोळी घ्यायचो, पुष्कळदा उपाशीपोटीच, आणि त्या गोळ्या पोटाच्या अस्तराचं जे संरक्षण असतं तेच कमी करतात. म्हणजे पाच दिवस आम्ल वाढवायचं आणि दोन दिवस अस्तर पातळ करायचं. हे सगळं मी स्वतःच्या हातानं करत होतो, सहा वर्षं, आणि दोष देत होतो कँटीनच्या तिखट भाजीला.

कॉफी माझ्या आयुष्यात आली ती दहावीच्या परीक्षेला. आमच्या घरात चहाच असायचा, गुळाचा, कॉफी म्हणजे शहरातली. पण गावातल्या मास्तरांच्या घरी पाहुण्यांना कॉफी करायचे, साखर घालून उकळलेलं दूध, त्यात कॉफी आणि वर जायफळ किसलेलं. आईनं ते बघितलेलं, म्हणून तिनं दुकानातनं कॉफीची एक रुपयाची पुडी आणली आणि जायफळ घालून मला दिली, पोरगं जागून अभ्यास करतंय म्हणून. त्या वासानं घर भरायचं. अण्णा अंथरुणातनं म्हणायचे, काय करतीस गं, लग्नाचा वास सुटलाय. आणि मी तासाभरात पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेलो असायचो. माझी धाकटी बहीण तान्ही होती तेव्हा आई तिला झोप लागावी म्हणून गुटीत जायफळाचे वेढे द्यायची, सहाणेवर, आणि तेच जायफळ माझ्या जागायच्या कॉफीत. तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. मी मागं एकदा विचारलं तर म्हणाली, तू झोपावास असंच वाटायचं की रे मला, पण नको झोपू म्हणायची पद्धत होती. ती कॉफी कधी बाधली नाही मला. त्यात मुळात कॉफी चिमूटभर आणि दूध वाटीभर, आणि त्याच्याआधी आईनं जेवायला घातलेलं असायचं.

तर ती कांद्याची रात्र. दहाला लाईट आली, स्टार्टरचा खटका पडला, विहिरीतनं पाणी आलं ते पाटात पडायला लागल्यावर कोरड्या मातीचा जो वास उठतो तो मला कुठल्याच कॉफीत मिळालेला नाही. वीस गुंठे कांदा, ऐंशी-एक वाफे, एक वाफा भरायला पाच-सात मिनिटं. भरला की फावड्यानं त्याचं दार लावायचं, पुढच्याचं फोडायचं. ह्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. अण्णा तिकडं दारं धरत होते आणि मला त्यांनी अलीकडं पाटावर ठेवलं, कुठं उंदराच्या बिळानं पाट फुटतोय का ते बघायला. आमच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठानं सगळा ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, हे काय सांगायला नको, दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी कुत्रा नाहीतर शेळी जाते. त्यामुळं अण्णा मधूनमधून फावड्याचा दांडा पत्र्याच्या डब्यावर वाजवायचे आणि मला हाक द्यायचे. मी ओ द्यायचो. साडेअकराला मी पहिला कप घेतला, एकला दुसरा. दीड वाजता छातीत पळी टेकली. अण्णा तेवढ्यात इकडं आले, माझा हात छातीवर बघून म्हणाले, जळतंय व्हय? मी म्हटलं थोडंसं. त्यांनी कोपरीच्या खिशातनं भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढला, म्हणाले हे चाव, बारीक चावून खा. आणि थर्मासकडं बघून न बघितल्यासारखं करून गेले. शेंगदाण्यांनी बरं वाटलं थोडं. पण दोनला मी तिसरा कप घेतलाच, झोप यायला लागलेली आणि मला त्यांच्यासमोर झोपायचं नव्हतं.

कॉफीनं झोप जाते कशी ते मला त्या पाटावर बसल्यावर जितकं कळलं तितकं वाचून कळलं नव्हतं. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, तो त्याच्या जागी जाऊन बसला की आपल्याला झोप येते. कॅफिन त्याच्याआधी त्या जागा अडवून बसतं. म्हणजे दार लावलं जातं. पण पाणी यायचं थांबत नाही ना, मोटार चालूच असते, पाटात पाणी चढत राहतं, आणि मग बिळाएवढं भोक सापडलं तरी सगळं एकदम जातं. वर माझी दिवसाची अडीच-तीन तासच झोप झालेली, बसून करायचं काम, अंधार, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला तर शरीराचं तापमानच सगळ्यात खाली असतं, कुणालाही त्या वेळी डुलकी येते. तीन कप कॉफी पोटात असताना मी झोपलो. आणि हे कॅफिन लगेच जातही नाही, पाच एक तासांनी निम्मं उरतंच, त्यामुळं सकाळी घरी येऊन दार बंद करून झोपायला गेलो तर हात-पाय थरथरतायत, डोळे मिटत नाहीयेत, पोट जळतंय.

बांधावर झोप लागली आणि गादीवर लागेना.

अण्णा कसे जागतात हे मी मग दुसऱ्या रात्री नीट बघितलं. (मी हट्टानं परत गेलो, थर्मास न घेता.) ते बसतच नाहीत. वाफा भरायला लागला की कडेनं चालत राहतात, पायानं पाण्याची खोली बघतात, गार पाण्यात गमबूट काढून एकदा तरी पाय घालतातच. अकराच्या सुमाराला घरनं आणलेली चतकोर भाकरी आणि ठेचा न लावलेली नुसती पिठल्याची गोळी, पोटभर नाही, पोट रिकामं राहू नये एवढीच. आणि एक-दीडला, मला हे आधी माहितीच नव्हतं, ते मोठा वाफा बघून त्याचं दार फोडतात आणि फावड्यावर हनुवटी टेकून डोळे मिटतात. उभ्यानं. पाणी वाफ्याच्या टोकाला पोचलं की आवाज बदलतो त्याचा, त्या आवाजानं जागे होतात. नासानं लांबच्या विमानांच्या पायलटांना अशीच डुलकी देऊन बघितली होती 1990च्या आसपास, सरासरी 26 मिनिटं झोपले ते आणि पुढं जास्त सावध राहिले. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात 1997 साली ड्रायव्हिंगच्या सिम्युलेटरवर दमलेल्या लोकांना कॉफी पाजून लगेच पंधरा मिनिटं आडवं केलं, कारण कॉफी चढायला अर्धा तास लागतोच, आणि नुसत्या कॉफीपेक्षा ते दोन्ही मिळून बरं निघालं. मी आता ऑफिसात तसंच करतो, दहाच्या आत, पोटात काहीतरी घालून एक कप, आणि लगेच खुर्ची मागं करून वीस मिनिटं. एवढाच एक कप. बाकी रात्र पाण्याच्या बाटलीवर, शेंगदाण्यांवर आणि जिन्यावर.

पण हे लिहिताना मला भीती वाटते की वाचणाऱ्याला वाटेल बघा, गावाकडचं किती छान असतं. छान नाहीये ते. अण्णा 63 वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, आणि त्यांच्या कोपरीच्या दुसऱ्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते. ती ते रात्री चार-पाचदा उघडतात. डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा आलाय, मी बॅटरी लावून बघितलाय, दवाखान्यात चला म्हटलं की म्हणतात कांदा निघू दे. माझ्या कपांना ते काही बोलले नाहीत तसं मी त्यांच्या डबीला वर्षानुवर्षं काही बोललो नाही. दोघांनाही कुणीतरी दुसऱ्यानंच ठरवलेल्या वेळेला जागायचं असतं, मला अमेरिकेतल्या दिवसासाठी आणि त्यांना रात्रीच्या लाईटसाठी, आणि पोट, हिरड्या, डोळे हे सगळं आम्ही त्यात घालत आलो. सोलर पंपाचा फॉर्म भरलाय आता. शेजारच्या दोघांचे बसलेत, ते दिवसा पाणी देतात आणि रात्री घरी असतात, त्यांच्या घरातला दिवा दहाला विझलेला दिसतो आमच्या बांधावरनं.

आणि आनंदानं जागणं पण आम्हाला ठाऊक आहे, हे पण खरंच ना. घरात लग्न झालं की खंडोबाचं जागरण घालायचे, वाघ्या-मुरळी यायचे, दिमडी आणि घोळ वाजायला लागली की पहाटेपर्यंत आम्ही पोरं टक्क जागी, कुणी कॉफी दिली नव्हती. कोजागिरीला तर आटवलेल्या दुधात जायफळच असतं, सगळी झोपेची सामग्री, आणि तरी बारा-एक वाजेपर्यंत गच्चीवर कुणी हलायचं नाव घेत नाही. माणसं असली की जागता येतं. मला पाटावर एकट्याला बसवलेलं होतं आणि हाका मारण्याएवढं अंतर होतं, पण तीननंतर अण्णांनी हाक मारायची थांबवली होती. हे मला नंतर आठवलं. हाक येत होती तोवर मी जागा होतो.

का थांबवली ते मी विचारलं नाही, धीर झाला नाही. आईला विचारलं, चुलीपुढं बसून. ती म्हणाली, पहाटं घोंगडं न घेता काकडत आले घरात चहा प्यायला, म्हटलं पोरगं कुठंय, तर म्हणले झोपलंय, झोपू दे, त्याच्या पोटात आग पडलीय, डॉक्टरला पण खरं सांगत नाही ते. आणि चहा अर्धा टाकून परत गेले, तू एकटा होतास ना उसाच्या कडंला, म्हणून.

मी ते ऐकलं आणि तसाच बसून राहिलो, पुढं काय बोलायचं सुचलं नाही.

आता असं चाललंय. ज्या आठवड्यात तिकडं रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात अडीच वाजता मी हेडफोन लावून जिन्यात येतो आणि अण्णांना फोन लावतो. कधी ते लावतात. काही विशेष बोलत नाही आम्ही. जेवलास का. हो. काय खाल्लंस. भाकरी आणली होती डब्यात. जळतंय का. नाही. डबी कितीदा उघडली, असं मी विचारतो, आणि ते आधी गप्प बसतात आणि मग आकडा सांगतात, खरा असावा असं वाटतं, कारण मी पण त्यांना कपांचा खराच सांगतो. पुढच्या मंगळवारी त्यांना गालाच्या चट्ट्यासाठी पुण्याला आणतोय, कांदा निघायच्या आधी, कबूल झालेत. काल बोलता बोलता मागं पाण्याचा आवाज येत होता, आधी खळखळ, मग बारीक होत गेला, आणि मलाच इकडं जिन्यात कळलं. मी म्हटलं अण्णा, वाफा भरला. ते म्हणाले, व्हय की रं, भरला, थांब दार लावतो, आणि फोन खिशात टाकला तो चालूच राहिला, फावड्याचे तीन-चार घाव ऐकू आले, मग चिखलात पाय काढल्याचा आवाज, मग पुढच्या वाफ्यात पडणारं पाणी.